नाताळाआधीचे चार आठवडे



वसंतऋतूत नाताळावर बोलायला उभे राहणे जरा अवेळीच आहे, हे आम्ही जाणतो. पण नाताळाच्या दिवसाविषयी आम्हांला फारसे सांगायचेच नाही. तो दिवस सर्वांना ठाऊक आहे. आम्ही बोलणार आहोत ते त्याआधीच्या चार आठवड्यांविषयी, आणि तेही कसाऱ्यासारख्या ठाण्यावर रेल्वे कामगारांच्या घरांत ते कसे जात त्याविषयी. आम्ही स्वतः ख्रिस्ती नव्हे. परंतु आमचे लहानपण कसाऱ्याच्या ज्या चाळीत गेले तेथे भिंतीला भिंत लागून ख्रिस्ती बिऱ्हाडे होती, आणि पुढे तीस वर्षे कामगार संघटनेच्या कामामुळे अशा घरांत आमचे जाणे-येणे राहिले. शाळेत आम्ही फार शिकलो नाही. जे वाचले ते नंतर, आणि जे कळले ते पुष्कळसे लोकांच्या ओट्यांवर बसून कळले.

प्रथम ठाण्याविषयी थोडेसे. मुंबईहून निघालेला लोहमार्ग १८५३ साली ठाण्यास आला, १८५४ साली कल्याणास, आणि १ जानेवारी १८६१ रोजी कसाऱ्यास. तेथे तो चार वर्षे अडला, कारण पुढे थळघाट होता. १ जानेवारी १८६५ रोजी घाट चढून गाडी इगतपुरीस गेली. सदतीस फुटांमागे एक फूट असा हा चढ आहे. एका इंजिनाच्याने तो चढवत नाही, म्हणून कसाऱ्यास गाडीला मागून जादा इंजिन जोडतात. त्याला आमच्याकडे बँकर म्हणतात. वाफेची इंजिने जाऊन १९३० च्या सुमारास घाटात विजेची आली, तरी बँकर गेला नाही. गाडी रात्री दोनला आली तरी बँकरवरची माणसे हजर हवीत, आणि तो दिवस पाडव्याचा असो की नाताळाचा, घाटाला त्याचे सोयरसुतक नाही. ही एक गोष्ट लक्षात घेतली म्हणजे पुढचे सारे उलगडते. जो दिवस आपला असेल याची खात्री नाही, तो सण माणसे आधीच्या दिवसांत पसरून ठेवतात. कसाऱ्याच्या रेल्वे कामगाराचा खरा नाताळ डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापासून सुरू होई. चर्च ज्या चार रविवारांना आगमनकाळ म्हणते तो उपासनेचा भाग झाला. घरात मात्र तो दळणाचा, तळणाचा आणि गाण्यांचा काळ असे.

ही ख्रिस्ती मंडळी एका मुलखातली नव्हती. कोणी वसईकडचे. पोर्तुगीजांकडे वसई १५३४ साली गेली आणि १७३९ साली चिमाजी अप्पांनी ती घेतली. मधल्या दोनशे वर्षांत तेथील कोळी, कुणबी, ब्राह्मण, भंडारी अशा अनेक घरांनी धर्म बदलला, बोली मात्र बदलली नाही. आपण ‘नाताळ’ म्हणतो तो शब्दही पोर्तुगीजांचाच. रेल्वेत व सरकारी कचेऱ्यांत गोव्याकडचे ख्रिस्ती पुष्कळ येऊ लागले, तेव्हा आपण येथले, ब्रिटिश प्रजाजन, हे दाखवण्यासाठी या लोकांनी १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या ज्युबिलीच्या वर्षी, ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतले. नोकरीसाठी एका समाजाने नाव घ्यावे, हे आम्हां संघटनेच्या माणसांना विचार करायला लावणारे आहे. दुसरे गोव्याचे. तिसरे अहमदनगरकडचे, जेथे अमेरिकन मराठी मिशनचे काम १८३१ पासून सुरू झाले. आणि वर इगतपुरीस, इंजिनांच्या शेडपाशी, युरोपियन व अँग्लो-इंडियन ड्रायव्हरांची वसाहत. पगारात या चौघांत जमीन-अस्मानाचे अंतर होते, आणि बरीच वर्षे ते गुणांवरून नव्हे तर कातडीवरून ठरे.

हे अंतर करमणुकीतही उतरले. जी. आय. पी. च्या मोठ्या ठाण्यांवर इन्स्टिट्यूट असत, पण गोऱ्यांची वेगळी आणि हिंदी लोकांची वेगळी. गोऱ्यांच्या इन्स्टिट्यूटात डिसेंबरभर नाच, पत्त्यांचे डाव आणि हाऊजी. गंमत अशी की तेथे बँड वाजवायला पुष्कळदा गोव्याचे वादक लागत. म्हणजे ज्याला नाचायला मज्जाव, त्याच्याच व्हायोलिनवर नाच चाले. स्वातंत्र्यानंतर हे भेद नियमांतून गेले. आमच्या लहानपणी, १९७०-८० च्या दशकांत, हाऊजी चाळीच्या ओट्यावर आली होती. तिकिटावर आकडा झाकायला चिंचोके; आकडा पुकारणारा प्रत्येक आकड्याला काही ना काही टोपणनाव जोडी आणि बायका हसून लोटपोट होत. बक्षीस म्हणजे साबणाची वडी नाही तर पावशेर साखर. आम्ही एकदा साबण जिंकला होता, आणि तो आईने संक्रांतीपर्यंत उघडू दिला नव्हता.

गाणी दोन प्रकारची. गोव्याच्या व वसईच्या घरांतली पोरे गिटार घेऊन चाळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत कॅरल गात जात. नगरच्या घरी मात्र टाळ-मृदंग निघे. तिकडे ख्रिस्ती कीर्तनाची परंपरा जुनी आहे, आणि १८९५ साली ख्रिस्ती झालेल्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांची भजने त्यांच्या ओठांवर असत. अंधारात लांबून ऐकणाऱ्याला वाटावे, एकादशीच चालली आहे. याचे नवल वाटायला नको. येशूजन्माची कथा मराठी ओवीत आणणारे फादर स्टीफन्सचे ‘ख्रिस्तपुराण’ गोव्यातील रायतूर येथे १६१६ साली छापून निघाले, सुमारे अकरा हजार ओव्यांचे. तुकाराम महाराज तेव्हा लहान होते. मराठीत नाताळ परका आहे असे म्हणणाऱ्याने हा सन ध्यानात ठेवावा.

आता स्वयंपाकघराकडे वळू, कारण खरी गर्दी तेथे. पहिल्या आठवड्यात तांदूळ धुऊन वाळत पडत. गोव्याच्या घरी दोदोल: तांदळाचे पीठ, नारळाचे दूध आणि काळा गूळ, आणि तो ढवळायचा कसा, तर हात गळून जाईपर्यंत. एकटीचे ते कामच नव्हे. शेजारणी पाळीपाळीने कालथा धरत. नेवऱ्या म्हणजे आपल्या करंज्याच. कुलकुल ही मात्र मुलांची मिरास होती. पिठाची गोळी काट्याच्या किंवा नव्या फणीच्या पाठीवर दाबून वळवली की शिंपल्यासारखी रेघांची गुंडाळी होई. शंभर वळल्या तरी डबा रिकामाच दिसे, आणि तेवढ्यात निम्म्या कच्च्याच कोणाच्या तरी पोटात गेलेल्या असत. वसईकडे व ईस्ट इंडियन घरांत या साऱ्या गोडाधोडाला कुसवार म्हणतात. नगरच्या बाई लाडू, शंकरपाळी, चकल्या, अनारसे करत, म्हणजे अगदी आपला दिवाळीचा फराळ. केक हा सर्वांचाच हौसेचा भाग, पण भट्टी कोणाकडे? पातेल्यात वाळू घालून तीत डबा ठेवायचा आणि झाकणावर निखारे. वरून करपला तर खरवडून टाकायचा.

साखरेचे गणित निराळे होते. दिवाळीला शिधापत्रिकेवर जी जादा साखर मिळे, तीतली अर्धी या घरांत नाताळासाठी बाजूला राही. दिवाळीत आमच्या घरून त्यांच्याकडे फराळाचे ताट जाई, नाताळात त्यांच्याकडून विणलेल्या रुमालाखाली झाकलेले ताट येई. गोव्यात अशी ताटे पाठवण्याला कोंसुआद म्हणतात. ताट रिकामे परत करायचे नाही हा नियम दोन्हीकडे होता. दिवाळीचा आकाशकंदीलही मोडत नसत. त्याच्याच कामट्या सोडवून, नवा पतंगी कागद लावून, पाच टोकांचा तारा होई.

गव्हाणीच्या देखाव्याला हिरवळ लागते. त्यासाठी दोन आठवडे आधी थाळ्यात नाचणी पेरत. आमची आई म्हणे, हे तर आपले घटाचे धान. ही नाचणी येई ती डोंगराकडच्या पाड्यांवरून. ठाकूर बाया स्टेशनाबाहेर टोपल्या घेऊन बसत. गोठ्यावर शाकारायला पेंढाही त्यांच्याचकडचा. भाताची झोडणी नुकती आटोपलेली, शहापूर-मुरबाडच्या माळांवर गवताची कापणी चाललेली, आणि लोकांच्या डोळ्यांपुढे पौषी पौर्णिमेची म्हशाची यात्रा. नाताळाच्या बाजारातून मिळालेले पैसे त्या यात्रेत खर्च होत. एकाच्या सणाची तयारी ही दुसऱ्याच्या सणाची कमाई असते, हे आम्ही अर्थशास्त्राच्या पुस्तकाआधी स्टेशनाबाहेर शिकलो.

मनुकांच्या वाइनविषयी बोलल्यावाचून हा भाग पुरा व्हायचा नाही. बरणी आधीच मुरायला घालावी लागते. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यानंतर ही बरणी गुन्हा ठरली आणि खाटेखाली गेली. त्याच कायद्याने पाड्यावरच्या मोहाच्या भट्टीलाही गुन्हेगार केले. ठाकराचे मडके आणि फर्नांडिसबाईंसारख्या कोणाचीही बरणी, दोहोंवर एकच कलम. मात्र कायद्याचा दंडुका पाड्यावर जितका पडला तितका क्वार्टरांत पडला नाही, हेही सांगितले पाहिजे.

गोव्याच्या लोकांवर एक वेळ अशी आली की तयारी होती पण जाणे नव्हते. १९५५ साली गोवा सत्याग्रहानंतर सरहद्द व रेल्वे वाहतूक बंद झाली. पुढची सहा नाताळे पुष्कळांनी आईबापांच्या आठवणीत क्वार्टरांतच काढली. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला, नाताळाच्या अवघ्या सहा दिवस आधी. ती बातमी चाळीत कशी आली हे आम्ही थोरांकडून इतक्यांदा ऐकले आहे की आम्ही तेथे होतो असेच आम्हांला वाटते. वस्तुतः आमचा जन्म नंतरचा.

आता पैशाचा प्रश्न. मे १९७४ मध्ये रेल्वे कामगारांनी वीस दिवस संप केला, त्यातली एक मागणी बोनसची होती. तेव्हा ती फेटाळली गेली, माणसे तुरुंगात गेली, नोकऱ्या गेल्या. १९७९-८० पासून मात्र उत्पादकतेशी निगडित बोनस सुरू झाला. तो मिळतो दसऱ्याच्या सुमारास. ख्रिस्ती घरांत तो नाताळापर्यंत टिकवणे हे गृहिणीचे काम. त्यांना खरा आधार होता सणाच्या उचलीचा. वर्षातून एकदा, आपण निवडलेल्या सणाला, बिनव्याजी उचल मिळे आणि ती दहा हप्त्यांत फिटे. रक्कम थोडी, पण ती डिसेंबरात घेता येई. सातव्या वेतन आयोगानंतर २०१६ साली ती बंद झाली. २०२० च्या ऑक्टोबरात एकवार दहा हजारांची खास उचल कार्डावर देण्यात आली, तेवढेच. आणि ठेकेदाराच्या माणसाला तर हे कधी नव्हतेच. त्याला उचल मुकादमाकडून, आणि तिचा हिशेब मुकादमाच्या वहीत.

कामाच्या तासांसाठीही आम्ही भांडलो. १९७३ च्या ऑगस्टमध्ये इंजिनांवरच्या कामगारांनी संप केला आणि दहा तासांच्या ड्यूटीचे आश्वासन मिळवले. कॉलमन दारात उभा राहून वही पुढे करी तेव्हा दोदोलचा कालथा बायकोच्या हाती देऊन निघावे लागे. त्या कालथ्याचे तास मात्र कोणत्याच वहीत नव्हते. ही चूक आमच्या संघटनेचीही आहे. काही वर्षांपूर्वी डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात आम्ही कंत्राटी सफाई कामगार स्त्रियांची सभा संध्याकाळी सहाला बोलावली. विषय उचलीचाच होता. सभेला चार जणी आल्या. आम्ही चिडलो, जागृती नाही वगैरे बोललो. त्यांतली एक नगरकडची ख्रिस्ती बाई म्हणाली, “दादा, सहाला घाणा चुलीवर असतो. तुम्ही कधी तळलंय का?” आम्ही तळले नव्हते.

दुसऱ्या दिवशी आम्ही कागद-पेन्सिल घेऊन तिच्या ओट्यावर बसलो आणि त्या महिन्यातली तिची कामे लिहून घेतली: निवडणे, दळणे, भाजणे, तळणे, डबे घासणे, पडदे धुणे, मुलांचे कपडे बेतणे, आणि हे सारे आठ तासांच्या झाडूनंतर. कागदाची एक बाजू भरली, दुसरीही निम्मी झाली. मध्येच तिने आमच्यापुढे शंकरपाळ्यांची ताटली ठेवली आणि म्हणाली, हेही लिहा. तो कागद आम्ही ठेकेदारापुढच्या मागणीपत्राला जोडला. उचल मंजूर झालेली नाही. तेव्हापासून डिसेंबरातल्या आमच्या सभा दुपारी असतात.