बायकोला वारशात विम्याचे पैसे मिळाले, तर नवऱ्याचा नफका माफ होतो का?

पालकसभा संपल्यावर एका भगिनीने हा प्रश्न विचारला. अब्बांच्या इंतकालनंतर विम्याच्या रकमेतून तिला साडेतीन लाख मिळाले. आता शोहर म्हणतो, "घरखर्च तूच बघ."

शरीअतचे उत्तर सरळ आहे: नाही. बायको मालदार असो की गरीब, तिचे खाणे, कपडे आणि राहणे शोहरच्याच जिम्मे. वारशाचा हिस्सा तिच्या एकटीचा. खुशीने घरात लावला तर तो तिचा एहसान.

हिस्सा कसा निघतो? मागे बेवा, एक मुलगा, एक मुलगी आणि कर्ज वगैरे फेडून 12 लाख उरले असे धरा. बेवेला आठवा भाग म्हणजे दीड लाख, मुलाला सात, मुलीला साडेतीन. नॉमिनी एकच असेल तर मात्र आधी वकिलाला विचारा. 2015 च्या दुरुस्तीनंतर आई-वडील, पती-पत्नी किंवा मुले नॉमिनी असतील तर विमा कायदा त्यांना जास्त हक्क देतो.

आता खरी अडचण. तिने वर्षभर स्वतःच्या पैशांतून घर चालवले, तर ते परत मागता येतात का? हनफी मसलकात काझीने ठरवलेला किंवा आपसांत कबूल केलेला नसेल तर मागचा नफका बुडतो. शाफई मसलकात, म्हणजे आपल्या बहुतेक कोकणी घरांत, तो शोहरवर कर्ज म्हणून राहतो. त्यामुळे हनफी भगिनींनी "उसने दिले" असे आधीच लिहून, सही घेऊन ठेवावे. नात्यात लिखापढी कशाला, असे वाटते खरे, पण नंतर तोच कागद कामी येतो.

कोर्टाचा हिशोब वेगळा. जुने कलम 125, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे 144, स्वतःचा निर्वाह करू न शकणाऱ्या पत्नीसाठी आहे. तलाकशुदा मुस्लिम स्त्रीही त्याचा आधार घेऊ शकते, असे सुप्रीम कोर्टाने 2024 मध्ये सांगितले. तिथे तिचा पैसा बघितला जातो. 2020 पासून दोघांनाही मिळकतीचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते, म्हणून रक्कम लपवू नये. पण थोडाफार पैसा आहे म्हणून दावा आपोआप पडत नाही. साडेतीन लाखांवर सात टक्के धरले तरी महिन्याला दोन हजारच होतात, तेही व्याज घेतले तर! आणि शोहरला वारशात काही मिळाले असेल, तर तेही त्याच्या ऐपतीत धरले जाते.