मिरजेचा मोतीबिंदू आणि चष्म्याचे ऋण

मिरजेच्या मिशन हॉस्पिटलाचा इतिहास सांगताना मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियांचा उल्लेख अभिमानाने होतो, आणि तो रास्तच आहे. कॅनडात जन्मलेले डॉ. विल्यम वानलेस १८८९मध्ये सांगलीत आले. १८९४मध्ये मिरजेत त्यांचे रुग्णालय उभे राहिले. पुण्याहून सातारा जिल्ह्यातून येणाऱ्या रेल्वेमुळे लांबच्या रुग्णालाही मिरज गाठता येऊ लागली होती. मात्र पट्टी सुटली, आंधळ्याला दिसू लागले, इथेच ही कथा सहसा संपवली जाते. ती अपुरी आहे. शस्त्रक्रियेने उजेडाची वाट मोकळी होई; नजर स्थिर आणि स्वच्छ करायला चष्माच लागे.

डोळ्यातील नेत्रभिंगाभोवती सिलिअरी स्नायूचे कडे असते. जवळचे पाहताना हा स्नायू आकसतो, भिंगाला ताणून धरणारे तंतू सैल पडतात आणि भिंग फुगते. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी १८५५मध्ये हा उलगडा मांडला. मोतीबिंदूत हेच भिंग गढूळ होते. त्या काळी ते काढून टाकत आणि जागा रिकामीच राही. स्नायू शाबूत असे, पण त्याने फुगवावे असे काही उरत नसे. यावर कोणी म्हणेल, म्हातारपणी भिंग ताठरून स्नायूचा जोर तसाही वाया जातो, मग गमावले काय? जवळच्या नजरेपुरते हे खरे आहे. पण डोळ्याच्या सुमारे ६० डायॉप्टर (भिंगाची शक्ती मोजण्याचे एकक) शक्तीचा जवळपास तिसरा हिस्सा या भिंगाचा असतो. तो गेल्यावर बहुतेकांना लांबचेही धूसर दिसे. म्हणून साधारण १० डायॉप्टरचा जाड चष्मा लागे, आणि वाचायला त्याहून जास्त नंबरचा.

दुसरा आक्षेप असा की चष्म्याविनाही माणसे हिंडूफिरू लागत. लागत, आणि अंधारातून सुटलेल्याला तेवढेही मोठे होते. सुश्रुतसंहितेत वर्णिलेल्या शलाकेच्या उपचारातही गढूळ भिंग बाजूला सरल्यावर उजेड दिसे. पण सुईत दोरा ओवणे, ज्वारीतले खडे वेचणे, सातबारा वाचणे यांसाठी उजेड पुरत नाही. १९४९मध्ये लंडनमध्ये हॅरोल्ड रिडली यांनी डोळ्यातच कृत्रिम भिंग बसवले, ते हीच उणीव भरून काढण्यासाठी. म्हणून नेत्रसेवेचा इतिहास लिहिताना केवळ शस्त्रक्रियांची संख्या मोजू नये. किती जणांना योग्य नंबरचा चष्मा मिळाला, हेही विचारावे. आजच्या नेत्रशिबिरांनाही हाच हिशेब लावायला हवा, कारण रुग्ण डोळस झाला की नाही हे तो आपल्या कामाला पुन्हा लागला का, यावरूनच ठरते.