स्टॉप-लॉस विम्याचे कूळ

अमेरिकेतील जे मालक नोकरांच्या औषधपाण्याचा खर्च विमा कंपनीवर न सोपविता स्वतःच्याच तिजोरीतून भागवितात, ते एखाद्या मोठ्या दुखण्याच्या बिलाने आपण बुडू नये म्हणून स्टॉप-लॉस विमा उतरवितात. एका नोकराचा वा साऱ्यांचा मिळून खर्च ठरीव मर्यादेपलीकडे गेला, की वरची रक्कम कंपनी मालकाला भरून देते. जाणकार याचे मूळ लंडनच्या लॉइड्समध्ये दाखवितात, आणि १९०६ च्या सॅन फ्रान्सिस्कोच्या भूकंपानंतर कथबर्ट हीथ यांनी मर्यादेबाहेरच्या नुकसानीचा पुनर्विमा रूढ केला, हे मलाही मान्य आहे. परंतु या विम्यावर अंमल कोणाचा, हा जो तंटा आज चालू आहे, त्याचे कूळ मला इंडियानातील साउथ बेंड येथे, एका मोटारींच्या कारखान्यात सापडते.

स्टुडबेकर कंपनीने डिसेंबर १९६३ मध्ये तेथील कारखाना बंद केल्याचे जाहीर केले, तेव्हा पेन्शनचा निधी इतका तोकडा निघाला की साठी गाठलेल्यांना पूर्ण पेन्शन देऊन झाल्यावर, चाळिशी ओलांडलेल्या सुमारे ४,००० कामगारांच्या हाती हक्काच्या रकमेचे जेमतेम १५ टक्के पडले, आणि त्यांहून तरुण असलेल्यांना छदामही मिळाला नाही. याच अन्यायाचा दाखला पुढे वर्षानुवर्षे दिला गेला आणि २ सप्टेंबर १९७४ रोजी अध्यक्ष फोर्ड यांनी ‘एरिसा’ कायद्यावर सही केली.

कायदा पेन्शनचा, पण त्याच्या ५१४ व्या कलमाने नोकरांच्या आरोग्य-योजनाही कवेत घेतल्या. राज्यांचे कायदे अशा योजनांना लागू नाहीत, विम्याविषयीचे कायदे मात्र अबाधित राहतील, आणि तरीही मालकाची योजना ही स्वतः विमा कंपनी आहे असे कोणत्याही राज्याने मानू नये, अशी ही तिपेडी तरतूद आहे. तिची व्याप्ती दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीत अखेरच्या टप्प्यावर वाढली, म्हणून कित्येक अभ्यासक आरोग्य-योजनांवरील तिचा परिणाम अनवधानाचा समजतात. मला हे पटत नाही. मिसूरी राज्याने मॉन्सँटो कंपनीला, तुमची स्वखर्चाची योजना म्हणजे परवान्यावाचून चालविलेला विमाधंदा होय, असे म्हणून कोर्टात खेचले होते. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७४ मध्ये निवाडा कंपनीच्या बाजूने दिला खरा, पण बड्या कारखानदारांना बसलेला धसका कलमाच्या तिसऱ्या पेडात स्पष्ट उमटला आहे, असा माझा तर्क आहे.

१९८५ आणि १९९० च्या निकालांनी सुप्रीम कोर्टाने तो पेड पक्का केला. मग छोट्या मालकांपुढे वाट खुली झाली: मर्यादा इतकी खाली आणावी की जोखीम जवळजवळ सारी कंपनीची, आणि राज्याने सक्तीच्या केलेल्या उपचारांचे बंधन मात्र नाही! मेरीलँडने १०,००० डॉलरांखालच्या मर्यादेचा करार हा आरोग्यविमाच समजण्याचा नियम केला. १९९७ मध्ये रिचमंडच्या अपील न्यायालयाने, हा आडून योजनेवरच चालविलेला अंमल आहे, असे ठरवून तो रद्द केला. न्यायालयाचा तर्क कायद्याला धरून असेल, पण ज्या कामगारांच्या कैवारासाठी कायदा जन्मला त्यांच्याच उपचारांची हमी त्याने सैल केली, याचे मला मनस्वी दुःख होते.

तेव्हापासून राज्यांनी योजनेला हात न लावता विकणाऱ्या कंपनीलाच बांधण्याचा मार्ग धरला. विमा आयुक्तांच्या राष्ट्रीय संघटनेच्या १९९५ च्या नमुना-मसुद्यात प्रत्येक व्यक्तीमागे किमान मर्यादा २०,००० डॉलर होती. कॅलिफोर्नियाने लहान मालकांसाठी ती २०१६ पासून ४०,००० वर नेली, आणि न्यूयॉर्कने तर लहान मालकांना हा विमा विकण्यासच मनाई केली.