वऱ्हाडचा कापूस, लंडनचा कॅटलॉग आणि आपला मोबाईल

आजचा एपिसोड इतिहासाचा आहे, पण सुरुवात आजच्या अडचणीपासून करू.

अमरावती-अकोल्यात घरून ऑनलाइन कपडे विकणारे आता गल्लोगल्ली दिसतात. नांदगाव पेठेजवळच्या घाऊक मार्केटमधून माल उचलायचा, इन्स्टाग्रामवर पेज काढायचं आणि सुरू! सगळा पैसा मालात जातो, फोटोसाठी काही उरत नाही. मग सप्लायरने पाठवलेलाच फोटो टाकला जातो. चार दिवसांनी गिऱ्हाईक म्हणतं, ‘फोटोत लाल होता, हातात राणी कलर आला.’ पार्सल परत, आणि कुरिअरचा भुर्दंड आपल्या डोक्यावर.

मूळ प्रश्न असा: कापडाला हात न लावता माणसाचा त्याच्यावर विश्वास बसेल कसा? हा प्रश्न दीडशेहून जास्त वर्षं जुना आहे, आणि वऱ्हाडचा त्याच्याशी जवळचा संबंध आहे.

१८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. तिकडचा कापूस अडकला, इंग्लंडच्या गिरण्या उपाशी पडल्या आणि त्यांची नजर वऱ्हाडच्या पऱ्हाटीवर गेली. १८५३ पासून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडेच होता. १८६७ पर्यंत रेल्वे अकोला, बडनेरा करत नागपूरला पोचली. इथून कापसाच्या गाठी जायच्या, तिकडून तयार कापड यायचं.

पण इथली माणसं नेमकं काय नेसतात, कसं नेसतात, हे मँचेस्टरच्या गिरणीवाल्याला कुठून कळणार? त्याचं उत्तर दिलं जॉन फोर्ब्स वॉटसन यांनी. ते आधी मुंबई लष्करात डॉक्टर होते, पुढे लंडनच्या इंडिया म्युझियमचे प्रमुख झाले. १८६६ मध्ये त्यांनी १८ खंडांचा एक संच काढला. त्यात भारतातल्या कापडांचे ७०० खरेखुरे तुकडे चिकटवले होते. चित्रं नाहीत, कापडच! जोडीला लांबी, रुंदी, वजन, किंमत, कुठलं कापड आणि कशासाठी वापरतात, अशी माहिती. असे २० संच बनले. १३ ब्रिटनमध्ये राहिले, ७ भारतात आले.

हे आजचं प्रॉडक्ट पेजच झालं ना? फोटोच्या जागी कापड, बाकी मेटाडेटा सगळा तोच.

वॉटसन यांना फोटोग्राफी माहीत नव्हती, असं अजिबात नाही. १८६८ पासून निघालेल्या ‘द पीपल ऑफ इंडिया’ या फोटोंच्या आठ खंडांचे एक संपादक तेच होते. माणसं दाखवायला त्यांना फोटो चालला, कापड दाखवायला नाही. तेव्हाचा फोटो काळा-पांढरा, त्यात ना रंग दिसणार ना पोत.

रंगाचा प्रयोग मात्र झाला होता. तोही १८६१ सालीच, लंडनमध्ये. जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी लाल, हिरव्या आणि निळ्या फिल्टरमधून तीन फोटो काढून घेतले आणि पडद्यावर एकावर एक टाकले. हाच आपला आरजीबी! वस्तू कोणती, तर चौकड्यांची कापडी रिबन. गंमत म्हणजे तेव्हाच्या काचेवरच्या रसायनाला लाल रंग जवळजवळ दिसतच नव्हता. तरी लाल उमटला कसा? शंभर वर्षांनी, १९६१ मध्ये, कोडॅकच्या संशोधकांनी उलगडा केला: रिबनीचा लाल रंग अल्ट्राव्हायोलेट किरणही परत फेकत होता आणि काचेने तेच टिपले. म्हणजे कापडाच्या पहिल्या रंगीत फोटोतलं लाल हे नशिबाने जमलेलं लाल होतं.

लाल आजही दगा देतो. भडक लाल किंवा राणी कलरला मोबाईलचा लाल चॅनल भरून जातो, विणीचे बारकावे पुसले जातात. एक्स्पोजर थोडं खाली ओढा, बरंच सुधारतं. आपल्याकडचं दुपारचं रखरखीत ऊन टाळा. सकाळी खिडकीजवळ, घरातला बल्ब बंद करून फोटो काढा, नाहीतर दोन प्रकारच्या उजेडात रंग बिघडतो. समोरच्या बाजूला थर्माकोलची पांढरी शीट उभी करा, सावली मऊ होते. एक फोटो अगदी जवळून, उजेड बाजूने तिरपा घेऊन, म्हणजे पोत दिसेल. ब्युटी फिल्टर कापडाला लावू नका. आणि वॉटसन यांचा धडा विसरू नका: टेप लावून मापं लिहा, कापड कोणतं ते लिहा, जाड की पातळ ते लिहा. याला पैसे लागत नाहीत.

आता या गोष्टीची दुसरी बाजू. ते ७०० तुकडे आपल्या विणकरांनी विणले होते, पण कॅटलॉग त्यांच्या हातात नव्हता. त्यांच्या कापडाची ओळख त्यांच्याच स्पर्धकांच्या टेबलावर गेली. कापूस आपला, नमुना आपला, आणि दाखवणारा भलताच. दुसऱ्याचा फोटो उचलून आपण आज पुन्हा तेच करतो. मोबाईल आता आपल्या खिशात आहे, तेव्हा आपला माल आपणच दाखवू, आणि आहे तसा दाखवू.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोवर खिडकी उघडा आणि एक फोटो काढून बघा!