रे रोडचा पंप आणि हिंदमाताचं पाणी

आजचा भाग माझ्या नोकरीतून निघालाय, पण शेवटी इतिहासाचाच आहे. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. गेल्या आठवड्यात आमच्याकडे एक प्रश्न आला. बगांची यादी हाताबाहेर गेली आहे, तर वर्षभरात ज्यांना कुणी हात लावला नाही, ते सगळे बग एका झटक्यात बंद करून टाकायचे का? शुक्रवारपर्यंत उत्तर द्यायचंय. घरी जाताना गाडी रे रोडला थांबली आणि मला ब्रिमस्टोवॅड आठवलं.

रे रोड म्हणजे हार्बर लाइनवरचं शांत स्टेशन. १८८५ ते १८९० या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड रे यांचं नाव. १९१० साली कुर्ल्याहून आलेला रेल्वेमार्ग आधी इथपर्यंतच होता. पलीकडे दारूखाना आणि मग खाडी. याच भागात महापालिकेचं ब्रिटानिया पंपिंग स्टेशन आहे, आणि ते एका फार जुन्या तक्रारीचं उत्तर आहे.

१९८५ च्या पावसात मुंबई तुंबली. त्यानंतर सल्लागार नेमले गेले आणि १९९३ साली पर्जन्यजल निचऱ्याचा अहवाल आला. तोच ब्रिमस्टोवॅड. आमच्या भाषेत सांगायचं तर उत्तम लिहिलेला बग रिपोर्ट. जुने नाले तासाला २५ मिलिमीटर पावसाच्या हिशोबाने बांधलेले, तेही ओहोटी आहे असं धरून, आणि निम्मं पाणी जमिनीत मुरेल असं गृहीत धरून. मुरायला जमीन उरली होती कुठे? शिवाय शहराचं पाणी समुद्रात आणि खाडीत सोडणारी १८६ मुखं, त्यातली बहुतेक भरतीच्या पातळीखाली. भरती आली की पाणी बाहेर जाणं बंद, उलट समुद्रच आत. उपाय अहवालातच होता: नाले मोठे करा, मुखांवर दरवाजे बसवा, पंप लावा.

मग हे तिकीट बारा वर्षं पडून राहिलं. पैसा हे एक कारण झालंच, तेव्हाचा अंदाज ६१६ कोटींचा होता. पण मला दुसरं कारण जास्त ओळखीचं वाटतं. हा दोष रोज दिसत नाही. जोरदार पाऊस आणि मोठी भरती एकत्र आली तरच दिसतो. असे बग आमच्याकडेही सगळ्यात आधी मागे पडतात. डेव्हलपर ओहोटीच्या वेळी तपासतो आणि म्हणतो, ‘माझ्याकडे तर नीट चालतंय.’

२६ जुलै २००५. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर, आणि कुलाब्याला त्याच दिवशी जेमतेम ७४. एकाच शहरात! त्यानंतर माधवराव चितळे यांची समिती नेमली गेली, २००७ साली केंद्राने १२०० कोटी मंजूर केले, आणि १९९३ चा कागद पुन्हा टेबलावर आला. हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर असं करत २०१६ साली रे रोडचं ब्रिटानिया सुरू झालं. लालबाग-परळच्या लोकांना वाटलं, सुटलो. आता हिंदमाता तुंबणार नाही.

२०१७ च्या ऑगस्टमध्ये हिंदमाता पुन्हा पाण्यात होतं.

पंप खोटा नव्हता हो. पण पंप त्याच्यापर्यंत पोचलेलं पाणीच उपसणार ना. हिंदमाता म्हणजे बशी, चहूबाजूंचं पाणी तिथे उतरतं. तिथून रे रोडपर्यंत पाणी नेणारे नाले अपुरे होते. म्हणजे कागदावर पंपाचं तिकीट बंद झालं आणि ज्याने तक्रार केली तो दुकानदार अजून गुडघाभर पाण्यात उभा. पुढे २०२१ साली परळच्या सेंट झेवियर्स मैदानात आणि दादरच्या प्रमोद महाजन उद्यानात जमिनीखाली टाक्या बांधायला घेतल्या. पाऊस आणि भरती असेपर्यंत पाणी साठवायचं, मग सोडायचं. आम्ही याला वर्कअराउंड म्हणतो. मला त्यात कमीपणा वाटत नाही, फक्त मूळ तिकीट उघडं ठेवावं एवढंच.

बॅकलॉगला मराठीत आपण अनुशेष म्हणतो, आणि हा शब्द महाराष्ट्राला वि. म. दांडेकर समितीने पाठ करायला लावला. त्यांनी १९८४ साली विभागांचा अनुशेष ३१८६ कोटी काढला. दहा वर्षांनी नवा हिशोब मांडला तर आकडा १४ हजार कोटींच्या घरात. मधल्या काळात खर्च झाला नव्हता असं नाही. किमती वाढल्या, गरजा वाढल्या, मोजायचे निकषही बदलले. पडून राहिलेलं काम नुसतं पडून राहत नाही, वाढत असतं.

तर शुक्रवारी मी ‘वर्ष झालं की बंद’ याला नाही म्हणणार आहे. एकाच दोषाच्या दहा तक्रारी असतील तर त्या एकाखाली बांधू. पण आकडा दहाच लिहून ठेवू, कारण पाणी कुठे भरतं ते त्यावरूनच कळतं. जे आपण खरंच करणार नाही, त्यावर ‘करणार नाही’ असं सरळ लिहू आणि कारण देऊ. एखादा बग दिसत नसेल तर आधी विचारू, भरतीच्या वेळी बघितलं का? आणि ज्याने नोंदवला त्याला विचारल्याशिवाय ‘दुरुस्त’ असा शिक्का नाही. यात वेळ जाईल. बैठकीत कुणाला आवडणार नाही, हेही माहीत आहे.

यादीतला सगळ्यात जुना बग चार वर्षांपूर्वीचा आहे. तो लिहिणारी टेस्टर आता दुसरीकडे काम करते. तिचा नंबर आहे माझ्याकडे. हा भाग रेकॉर्ड करून झाला की तिला फोन लावतो.