आमिष, सापळा आणि नियम

करमाडसारख्या कोरडवाहू मुलुखांत बसून खाऱ्या पाण्यांतील सापळ्यांविषयीं लिहावें, हें वाचकांस प्रथमदर्शनीं विचित्र वाटण्याचा संभव आहे. परंतु मासे धरणें ही केवळ उपजीविका नसून करमणूकही होऊं शकते, ही गोष्ट ज्या ग्रंथानें शास्त्रासारखी मांडली, तो समुद्रकांठीं नव्हे, तर दख्खनच्या पठारावरच निर्माण झाला. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा (इ. स. ११२६-११३८) याच्या 'मानसोल्लास' ग्रंथांत मत्स्यविनोद नांवाचें प्रकरण आहे. मराठवाड्याचा हा प्रदेश त्या काळीं चालुक्यांच्याच साम्राज्यांत मोडत होता. समुद्रांतील मासे कोणते, नद्यांतील कोणते, कोणास तिळाचें पीठ आवडतें, कोणास भाजलेल्या हरभऱ्याचें पीठ भातांत कालवून घालावें, इतक्या बारकाईनें तेथें आमिषाचा विचार केला आहे. प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनीं १९५१ सालीं या प्रकरणावर स्वतंत्र निबंध लिहून त्याचें महत्त्व विद्वानांपुढें ठेविलें.

या राजविनोदांत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. गळ टाकणारा गळापाशींच बसलेला असतो. मासा लागला कीं तो त्यास दिसतो. नको असल्यास तो सोडून देतां येतो. सापळ्याचें तसें नाहीं. आमिष बांधून सापळा पाण्यांत सोडला कीं धनी घरीं जातो आणि सापळा आपलें काम एकटाच करीत राहतो. लहान-मोठें, नर-मादी, हवें-नको हा विवेक त्याच्या ठिकाणीं नसतो. आमच्या मतें या विषयावरील नियमांचें मूळ येथेंच आहे: धनी जवळ नसल्यामुळें जो विवेक सुटतो, तो नियमानें भरून काढावा लागतो.

इतिहासांत हा विवेक निरनिराळ्या प्रश्नांच्या रूपानें प्रकट झालेला दिसतो. पहिला प्रश्न, मासे केव्हां धरावे? सम्राट अशोकानें अभिषेकास २६ वर्षें झाल्यावर कोरविलेल्या पांचव्या स्तंभलेखांत चातुर्मासी पौर्णिमा, तिष्य नक्षत्राची पौर्णिमा, त्यांच्या लगतच्या तिथि व उपोसथाचे दिवस यांवर मासे मारण्यास व विकण्यास मनाई केली आहे. त्या दिवशीं कोळ्यांच्या राखीव जलाशयांतील इतर जीवांनाही अभय होतें. हेतु दयेचा खरा. पण विसाव्याच्या दिवसांचा लाभ माशांस मिळे, यांत संशय नाहीं.

दुसरा प्रश्न, कोठें धरावे? इंग्लंडच्या जॉन राजाकडून सरदारांनीं १२१५ सालीं जी महासनद मिळविली, तिच्या ३३ व्या कलमान्वयें टेम्स, मेडवे व देशांतील इतर नद्यांत मासे अडविण्यासाठीं घातलेले बांध काढून टाकावयाचे ठरलें. मात्र समुद्रकिनारा त्यांतून वगळला. मुख्य उद्देश नौकांचा मार्ग मोकळा करण्याचा होता. तरी उभारलेलें साधन सार्वजनिक पाण्यावर एकट्याची मालकी गाजवितें, हा विचार त्यांत आहेच.

तिसरा प्रश्न, कशानें धरावे? हिंदुस्थानांत डॉ. फ्रान्सिस डे यांनीं १८७३ सालीं गोड्या व खाऱ्या पाण्यांतील मत्स्यव्यवसायावर अहवाल प्रसिद्ध केले. बारीक आसांच्या जाळ्यांत व सापळ्यांत पिलांचा संहार होतो, ही त्यांची एक प्रमुख तक्रार होती. पुढें १८९७ सालच्या चौथ्या कायद्यानें सुरुंग व विष वापरून मासे मारणें हा गुन्हा ठरविला, आणि त्या कलमांपुरता किनाऱ्यापासून एक सागरी लीगपर्यंतचा समुद्रही 'पाणी' या शब्दांत घेतला. जाळें, पिंजरा, सापळा किंवा जमिनींत रोवून अगर अन्य रीतीनें स्थिर केलेलें कोणतेंही साधन, अशी 'स्थिर साधना'ची व्याख्या त्यांतच आहे. अशा साधनांवर निर्बंध घालण्याचा अधिकार प्रांतिक सरकारांस मिळाला. निजामाच्या राज्यांतील आमच्या या भागास तो कायदा लागू नव्हता.

कोंकणच्या कोळ्यांस मात्र अशा नियमनासाठीं सरकारची वाट पाहावी लागली नव्हती. डोल जाळें समुद्रांत खुंट रोवून लावितात. ते खुंट कोणीं कोठें रोवावे, हें रूढीनें ठरलेलें असे, आणि त्या जागांवरून गांवागांवांत तंटेही होत. खाडीकांठीं चिंबोऱ्या धरण्यासाठीं मध्यें आमिष बांधून पगोळी सोडतात. पण ती सोडणारा जवळ असतो व घटकेघटकेनें ती उचलून पाहतो. धनी जवळ, म्हणून विवेकही जवळ.

चौथा प्रश्न आधुनिक आहे: हा सापळा कोणाचा? अमेरिकेंतील फ्लोरिडा राज्यांत हौसेनें निळे खेकडे धरणारास माणशीं पांचच सापळे ठेवण्याची मुभा आहे. त्यावर धन्याचें नांव व पत्ता लागतो. आणि सापळ्याचा एक भाग कालांतरानें कुजून जाईल असा ठेवावा लागतो. कारण हरवलेला सापळा बुडाशीं पडून मासे धरीतच राहतो. आंत मेलेला जीव पुढच्याचें आमिष बनतो.

महाराष्ट्रांत १९८१ चा सागरी मासेमारी नियमन कायदा आहे. त्याचा रोख मुख्यतः नौकांवर आहे. १ जून ते ३१ जुलै ही पावसाळी बंदीही यांत्रिक नौकांसाठीं आहे. हौशी मनुष्याचा सापळा हा त्या कायद्याच्या विचाराचा मध्यबिंदु नव्हे. परंतु हौस वाढत आहे, आणि ज्या खाडींत ती चालते तेथेंच कोणाच्या तरी घरची चूल अवलंबून असते. म्हणून कायद्याची वाट न पाहतां हौशी मंडळींनीं स्वतःच चार बंधनें पाळावीं: सापळे मोजके असावे, त्यांवर नांव असावें, ते वारंवार उचलून पाहावे, आणि पिलें व अंडीं धारण केलेल्या माद्या परत पाण्यांत सोडाव्या. सोमेश्वराचा विनोद राजाचा होता. पाणी आतां सर्वांचें आहे. ज्यास पोटासाठीं मासे धरावे लागत नाहींत, त्याच्यावर संयमाचें ओझें अधिक असावें, हाच न्याय होय.