पाण्याचं औषध

जुन्या नागपुरात डॉक्टरइतकाच कंपाउंडरच्या हातालाही गुण आहे असं लोक मानत. मी त्याच धंद्यातला. बर्डीवरच्या एका दवाखान्यात मिक्श्चर बनवण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. पेशंट घरून बाटली धुऊन आणायचा. तीत सोडा बायकार्ब, वेलदोड्याचं टिंक्चर, पेपरमिंटचं पाणी मापून ओतायचं आणि बाहेरून कात्रीनं खाचा पाडलेली कागदाची पट्टी खळीनं चिकटवायची. एक खाच, एक डोस. टिंक्चरची लाली कोचिनियल नावाच्या किड्यापासून काढलेल्या रंगाची. गुणाशी तिचा काही संबंध नव्हता. तरी बाटली जरा फिकी दिसली की म्हाताऱ्या बरोबर विचारायच्या, "आज औषध पातळ देल्लं का जी?"

तपासून काहीच सापडलं नाही, पण माणूस कंबर धरून बसलाय, अशांसाठी काही दवाखान्यांत रंगीत कडवट पाण्याची वेगळी बाटली असे. सुईचाच हट्ट असला तर डिस्टिल्ड वॉटर, नाहीतर लालभडक बी-ट्वेल्व्ह. पुष्कळांचं दुखणं खरोखर कमी व्हायचं. मात्र पेशंटला कळलं की गुण गेला, असं आम्ही सगळेच धरून चालत होतो.

ते तपासून पाहिलं दुसऱ्यांनी. १९६५ साली अमेरिकेत पार्क आणि कोव्ही या डॉक्टरांनी मनोविकाराच्या १५ पेशंटना "या साखरेच्या गोळ्या आहेत, यात औषध नाही" असं सांगूनच गोळ्या दिल्या. बहुतेकांना आराम पडला. पण तिथे तुलनेला दुसरा गट नव्हता. २०१० मध्ये हार्वर्डच्या टेड कॅपचुक यांनी तो ठेवला. पोटाच्या जुनाट तक्रारीचे ८० पेशंट. उघडपणे पोकळ गोळी घेणाऱ्यांपैकी ५९ टक्क्यांना पुरेसा आराम पडला, गोळी न घेणाऱ्यांपैकी ३५ टक्क्यांना. २०१६ साली लिस्बनमध्ये कंबरदुखीच्या ९७ जणांवर असाच प्रयोग झाला. नेहमीचे उपचार चालू ठेवून ज्यांनी अशी गोळी घेतली, त्यांच्या वेदना तीन आठवड्यांत सुमारे ३० टक्क्यांनी घटल्या.

हे नुसते मनाचे खेळ नाहीत. १९७८ मध्ये कॅलिफोर्नियात दाढ काढलेल्या पेशंटवर एक प्रयोग झाला. पोकळ औषधानं ज्यांचं दुखणं उतरलं होतं, त्यांना अफूचा असर मारणारं नालोक्सोन दिल्यावर ते पुन्हा वाढलं. म्हणजे आराम पडतो तेव्हा मेंदू स्वतःच अफूसारखी द्रव्यं सोडत असतो.

या सगळ्याची एक देशी बाजू नागपुरातच आहे. १९८२ साली इथे श्याम मानव यांनी अखिल भारतीय अंधश्रद्धा निर्मूलन समिती उभारली. बुवाबाजीशी भांडणारा हाच माणूस स्वसंमोहनाच्या कार्यशाळा घेतो: सूचना उघड, दैवी काही नाही, शिकेल त्याला जमेल.

पण हद्द कुठे, ते विंचवानं दाखवलं. मांत्रिकाचा विंचू 'उतरायचा', कारण बऱ्याच दंशांत नुसती ठणक असते आणि ती काही तासांनी आपोआप ओसरते. मंत्राच्या भरवशानं तेवढा वेळ सुसह्य होतो. कोकणातल्या लाल विंचवाचं विष मात्र हृदयावर जातं. नागपूरच्या मेडिकलमध्ये शिकलेले डॉ. हिंमतराव बावस्कर महाडच्या परिसरात अशा रुग्णांजवळ रात्र-रात्र बसले आणि प्राझोसिन या रक्तदाबाच्या गोळीनं त्यांनी माणसं वाचवली. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्याला डॉक्टरकडे जाऊ न देता मंत्र-गंडेदोरे करणं २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा ठरवलं, ते योग्यच झालं.

ठणक आणि विष यांतला फरक करणं डॉक्टरचं काम. तो झाल्यावर ठणकेसाठी खोटं बोलायची गरज उरत नाही. आमच्या बाटलीबरोबर पेशंटला बाकावर बसून झालेली विचारपूस मिळायची, डोसच्या वेळा मिळायच्या, चार दिवसांनी पुन्हा दाखवायला बोलावणं असायचं. आता काउंटरवरून गोळ्यांची स्ट्रिप सरकवतात आणि पुढच्याला हाक मारतात. रंगीत पाणी गेलं, त्याचं दुःख नाही. विचारपूस कशाला घालवली?